आईने सोडलेला चहा

आमच्या नांदेडच्या घरात गजराचं घड्याळ होतं, पण त्याला कुणी चावी दिलेली मला आठवत नाही. गरजच नव्हती. पहाटे साडेपाचला आई स्टोला पंप मारायची, पितळी पातेल्यात चहा खळखळायचा, आणि मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बशीत चहा ओतायची आणि पहिला भुरका मारायची. भुरका म्हणजे साधासुधा नव्हे. लांबून सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडल्यासारखा सुरू व्हायचा, मध्ये जरा थरथरायचा आणि शेवटी टाळूवर चापट मारल्यासारखा संपायचा. सरकारी क्वार्टर्सच्या भिंती त्या काळी अशा होत्या की शेजाऱ्याने कूस बदलली तरी आम्हाला कळायचं, तर हा भुरका काय लपतोय! पलीकडून गफूरचाचांचा आवाज यायचा, "चलो उठो रे, मास्तरनी की चाय हो गई!" त्यांची दोन्ही पोरं, आमची ताई, मी, आमचे वडील अण्णा, सगळे त्या एका भुरक्यावर उठायचो.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. शिस्तीची, मोजून बोलणारी, वहीला समास नसेल तर वही परत फेकणारी. पण चहापुढे तिची सगळी शिस्त वितळायची. सकाळी दोन बश्या, शाळेत निघताना अर्धा कप, मधल्या सुट्टीत एक, घरी आली की चपला काढायच्या आधी एक, आणि कुणी पाहुणा आला तर त्याच्या नावावर आणखी एक. पाहुणा चहा पीत नसेल तर त्याचाही तीच प्यायची. एकदा गावात दूधच मिळेना, तेव्हा दुपारपर्यंत तिने डोक्याला फडकं बांधलं, अण्णांना दोनदा 'खाली बसा' म्हणाली आणि तिसऱ्यांदा हात पुढे करायला सांगणार होती, इतक्यात गफूरचाचांनी आपल्या शेळीचं दूध पाठवलं. माणूस कशाच्या आहारी जातो म्हणजे काय होतं, हे मी दारूच्या दुकानात नाही, आमच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा पाहिलं. कळलं मात्र फार उशिरा.

आता माझं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा पेपरापेक्षा पेपरानंतरच्या बैठकीची तयारी चांगली केली. सुरुवात मित्रांच्या आग्रहाने झाली, असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगतो, आग्रह मीच करायचो. पुढं पुढं मित्र पांगले, नोकऱ्यांना लागले आणि मी एकट्यानंच स्वतःला आग्रह करू लागलो. रविवारी आम्ही सगळे विहारात वंदनेला जायचो. पहिली चार शीलं मी खड्या आवाजात म्हणायचो. पाचवं आलं, नशापाण्यापासून दूर राहण्याचं, की माझा आवाज पार बसायचा आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसलेले अण्णा नेमके तिथंच खाकरायचे. सबंध विहाराला त्या खाकरण्याचा अर्थ ठाऊक होता.

अण्णा तहसील कचेरीत कारकून होते. बावीस वर्षं एका खुर्चीवर काढल्यावर त्यांना अव्वल कारकुनाची बढती मिळाली आणि कचेरीतल्या लोकांनी सत्कार ठेवला. आईने इस्त्रीचं नऊवारी लुगडं काढलं, अण्णांनी नवा पांढरा शर्ट घातला. मीही गेलो. दुपारी बाराला कार्यक्रम, म्हणून मी साडेदहालाच तयारी करून गेलो होतो. झेंडूचा मोठा हार मुलाच्या हस्ते घालायचा असं ठरलं. मी हार घेऊन निघालो तो थेट, ठाम पावलांनी गेलो आणि स्टेजच्या कडेला फिरत असलेल्या उभ्या पंख्याला घातला. मला तो अण्णांसारखाच वाटला. उंच, पांढरा, आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवणारा. पंख्याने हार ओढून घेतला आणि पाकळ्यांचा असा पाऊस पाडला की मागच्या रांगांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तशीच योजना आहे. साहेबांच्या चष्म्यावर झेंडू. अण्णा मान खाली घालून उभे होते, आणि त्यांच्या नव्या शर्टावर एकही पाकळी पडली नव्हती.

हे मी गेली कित्येक वर्षं दारू सोडणाऱ्यांच्या गटात सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. फक्त त्या कोऱ्या शर्टाशी आलो की पाणी प्यायच्या निमित्ताने थांबतो.

त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे बोलायचे, पण आईमार्फत. मी समोर बसलेलो असताना म्हणायचे, "त्याला म्हणावं, भाकरी गार होऊन राहिली." आई म्हणायची, "ऐकलं का, भाकरी गार होऊन राहिली." असं आमचं घर दोन टप्प्यांत चालायचं. शेवटी लातूरहून ताई आली. दोन दिवस तिने सगळं बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कपड्यांची पिशवी भरली. "एक वर्ष माझ्याकडं राहील. दाजींच्या दुकानात काम शिकंल. तिथं दारू सोडणाऱ्यांचा एक गट बी हाय. जिम्मा माझा." ती अण्णांना म्हणाली, "पण वर्ष पुरं केलं तर तुम्ही त्याच्याशी तोंडानं बोलायचं."

शेजारच्या एका बाईंनी आईला सुचवलं की एखादा नवस बोला. आई म्हणाली, "आमच्यात नवस न्हाईत हो. अन् असते तरी ह्याच्या पिण्याचा जिम्मा दुसऱ्या कुणावर कशाला टाकायचा?" हातात बशी होती. ती खाली ठेवत म्हणाली, "ह्याला सोड म्हणायचं अन् आपण दिवसभर पीत बसायचं, हे काही बरं दिसत न्हाई. मिलिंद, तुझं वर्ष पुरं होईस्तोवर मी चहा सोडला." ती हिमालय चालून जाते म्हणाली असती तर एवढं नवल वाटलं नसतं. तेवढ्यात वर्तमानपत्राच्या मागून अण्णांचा आवाज आला, "मी बी सोडला. त्याला सांग."

लातूरला दाजींचं विजेच्या मोटरी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की शेतकरी ती गोणपाटात गुंडाळून आणायचे. जळकी तार उपसून काढायची, आणि लाकडी फर्म्यावर तांब्याची नवी तार मोजून गुंडाळायची. एका गुंडाळीला इतके वेढे म्हणजे इतकेच. हँडल फिरवताना मनात मोजत राहायचं. कुणी हाक मारली तरी आधी आकडा मोठ्याने म्हणायचा, मग 'ओ' द्यायची. पहिल्या महिन्यात डॉक्टरांच्या गोळ्यांवर मी कसाबसा उभा होतो, हात असे कापायचे की चहाची बशी माझ्याकडे आली की अर्धी शर्टाला मिळायची. त्यातच एकदा चाळिसाच्या आसपास मोजणी हरवली. मी विचार केला, एवढ्या तारेत कोण मोजायला बसतंय, आणि अंदाजाने पुढं रेटलं. दाजींनी मोटर चालू केली. ती आधी गुरगुरली, मग तिच्यातून निळा धूर आला आणि दुकानात भाजलेल्या वांग्यासारखा वास सुटला. दाजी अबोल माणूस. तेवढंच म्हणाले, "मोजणी चुकली तर बोलायचं, पाव्हणं. उलगडून पुन्हा गुंडाळलं असतं. आता सगळीच तार गेली."

गट मंगळवारी एका शाळेच्या वर्गात भरायचा. दुसरीचा वर्ग, त्यामुळे बाकं दुसरीची. आम्ही दहाबारा थोराड माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायचो. गटाचे म्होरके शिवाप्पा, निलंग्याकडचे, एस.टी.त ड्रायव्हर. ते सगळं गाडीच्या भाषेत सांगायचे. "हे बगा, उद्याचा घाट उद्या. आज डेपोतनं निघून डेपोत परत यायचं, झालं." तिथं रीत होती की उभं राहून नाव सांगायचं, मला दारूचं व्यसन आहे म्हणायचं आणि किती दिवस झाले ते सांगायचं. वर्ष पुरं झालं की गट त्या माणसाचा वाढदिवस करायचा, केक आणून, घरच्यांना बोलावून.

आईचं दर आठवड्याला पोस्टकार्ड यायचं. तिच्या वळणदार अक्षरात चार ओळी. डोकं दुखायचं थांबलं. अण्णा बरे आहेत, हल्ली बडीशेप फार खातात. गफूरभाई म्हणतात, मास्तरनीबाई, हमारा तो घड्याळच बंद पड गया, पोरांना शाळेला उशीर होतो. आणि शेवटी, समास सोडून: 'माझे एक्क्याण्णव दिवस. तुझे किती?' मी उलट टपाली लिहायचो: 'एक्क्याण्णव.' तो आकडा लिहिताना मला जो आनंद व्हायचा तो कुठल्याही बैठकीत झाला नव्हता.

आणि मग औसा. दोनशे सेहेचाळिसावा दिवस. बाजाराचा दिवस होता आणि भरलेली मोटर पोचवायला दाजींनी मला पाठवलं. मोटर बसली, एका झटक्यात पाणी आलं, शेतकरी खूश. तो लई चांगला माणूस होता, त्याने मला झाडाखाली बसवलं, गरम भजी मागवली आणि प्रेमाने विचारलं, "पाव्हणं, जराशी घेता का?" माझ्यासारख्या सुसंस्कृत माणसाने यजमानाचं मन कसं मोडायचं! हा विचार करायला मला जेवढा वेळ लागला तेवढाही त्याला ओतायला लागला नाही. जराशीचं पुढं काय झालं ते सांगत नाही. परतीच्या एस.टी.त मी दोनदा ओकलो आणि दाजींची हत्यारांची पिशवी विसरलो.

घरी ताई दारातच होती. मी म्हणालो, "भजी बाधली." बस, इतकंच. दोन शब्द. ताईने माझी ओकारी पुसली, लिंबूपाणी दिलं, दहीभात कालवून भरवला, कपाळावर हात ठेवून बसली, आणि औशाच्या भज्यांना इतक्या शिव्या दिल्या की मला भज्यांची दया आली. इतकी छान भजी होती ती. कुरकुरीत, ओव्याची. चार-पाच दिवसांनी आईचं कार्ड आलं: 'माझे दोनशे एकोणपन्नास. तुझे किती?' मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. मग लिहिलं: 'दोनशे एकोणपन्नास.' अक्षर चांगलं आलं होतं.

त्यानंतर मी प्यालो नाही, हे खरं. पण दर आठवड्याला एक खोटा आकडा पोस्टात टाकत राहिलो, हेही खरं. वाटायचं, एकदा ते वर्ष होऊन जाऊ दे, आई चहा पिऊ दे, अण्णा बोलू देत, मग सावकाश कधीतरी सांगू. मोटर जाळल्यानंतरही मी अंदाजानेच गुंडाळत होतो.

वाढदिवसाला आई-अण्णा नांदेडहून एस.टी.ने आले. अण्णांच्या खांद्यावर अर्धापूरच्या केळ्यांचा घड. आई वाळली होती, पण डोळे असे की तपासणीला साहेब येणार आणि वर्गातल्या सगळ्या पोरांचे पाढे पाठ आहेत. वर्गाला पताका लावल्या होत्या. केकवर गुलाबी एकचा आकडा. ताईने घरून थर्मासमध्ये आलं घालून चहा आणला होता आणि त्याबरोबर खास आईसाठी जुनी कपबशी. चहाची गोष्ट गटात सगळ्यांना ठाऊक होती. शिवाप्पा म्हणाले, "केक मागनं. आधी आईसाहेबांचा चहा. वरीस झालं, मानसानं किती थांबावं?"

आईने बशीत चहा ओतला. वाफ आली. तिने ती आधी नुसती हुंगली, डोळे मिटून. सगळा वर्ग बाकांवरून पुढे झुकला. अण्णाही तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा कंठ वरखाली होत होता. बशी ओठांपाशी गेली, ओठांचा चंबू झाला, तो भुरका सुरू होणार, इतक्यात मी ओरडलो, "आई, पिऊ नको!"

दाजी वाकून बशीत बघू लागले. "पाल पडली का काय?"

"पाल न्हाई," मी म्हणालो. "माझं वर्ष झालेलं न्हाई. मी औशाला प्यालो होतो."

बशी ओठांपाशी तशीच. आई त्या बशीवरून माझ्याकडे बघत होती.

"भजी बाधली तवा?" ताईने विचारलं.

"हाव."

"म्हंजे भजी?"

"भजी चांगली होती."

मागं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ताई उठली. तिचा चेहरा मी आजही विसरू शकत नाही. "मी तुझी ओकारी पुसली रे," एवढंच म्हणाली आणि व्हरांड्यात निघून गेली.

आईने विचारलं, "आता किती झाले? खरे."

"एकशे एकोणीस."

तिने क्षणभर फळ्याकडे पाहिलं. "दोनशे सेहेचाळीस राहिले," ती म्हणाली आणि बशीतला चहा परत कपात ओतला. एक थेंब सांडला नाही.

तेव्हा अण्णा खाकरले. तेच ते विहारातलं खाकरणं. पण या खेपेला ते स्वतःसाठी होतं. "सुमन," ते म्हणाले, "माझं बी एक हाय. मी चवथ्या दिवशीच प्यालो. कचेरीसमोर. मग रोजच."

"अन् ती बडीशेप?"

"वासासाठी."

शिवाप्पांनी तोंडावर रुमाल धरला. आईने आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मधल्या सुट्टीनंतर उशिरा आलेल्या दोन पोरांकडे बघावं तसं. "चहाचं कुठं शील न्हाई," ती म्हणाली. "दारूचं हाय, पाचवं. पण तुम्ही दोघांनी मोडलं ते खोटं बोलण्याचं. ते चवथं. चवथं पाचव्याच्या आधी येतं. बसा खाली."

आम्ही दोघे दुसरीच्या बाकावर बसलो, शेजारी शेजारी, गुडघे वर करून.

केकचं काय करायचं कुणाला कळेना. शेवटी शिवाप्पा म्हणाले, "वरीस कुनी तरी पुरं केलंय की हितं." सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. ती आधी नको म्हणाली. मग पदर सारखा करून फळ्यापुढे उभी राहिली, तिथली रीत तिने मघाशी दोनतीनदा ऐकलीच होती. "माझं नाव सुमन. मला चहाचं व्यसन हाय. आज तीनशे पासष्ट दिवस झाले." त्या वर्गात मी पुढं कितीतरी वाढदिवस पाहिले, स्वतःचेही पाहिले. पण तशा टाळ्या पुन्हा ऐकल्या नाहीत. आईने केक कापला, पट्टीने आखल्यासारखे तुकडे केले, आणि व्हरांड्यात जाऊन पहिला ताईला दिला. तो थंड झालेला चहा तिने माझ्यापुढे सरकवला. "तू पी. वाया कशाला घालवायचा?" एवढा वाईट चहा मी आयुष्यात प्यालो नाही, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं.

संध्याकाळी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. आई तिकिटाच्या खिडकीशी गेली. अण्णा रिकाम्या पिशवीची घडी घालत उभे होते. मध्ये निरोप सांगायला कुणीच नव्हतं. घडी घालून झाली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोनशे सेहेचाळीस म्हणाली ना?"

"हाव, अण्णा."

"मग मला बी तेवढेच."

पंख्याच्या दिवसानंतर ते माझ्याशी तोंडानं बोललेले हे पहिले शब्द. वर्ष पुरं न करता मिळाले, ते मी गुपचूप ठेवून घेतले.

ताई अकरा दिवस बोलली नाही. ताट समोर आपटायची. बाराव्या दिवशी तिने घरी ओव्याची भजी तळली, माझ्या ताटात पाच वाढली आणि म्हणाली, "खा. ह्यानं कुणाला काही होत न्हाई." औशाचं नाव काढलं की ती आजही माझ्याकडे तिरकं बघते. आता आम्ही दोघेही साठीच्या पुढचे, तिची कवळी, माझी साखर, दोघांनाही भजी बंद. पण बघणं चालू आहे.

कार्डं पुन्हा सुरू झाली. आता आईचा आकडा मोठा आणि माझा लहान असायचा. 'माझे पाचशे वीस. तुझे किती? खरे.' तो 'खरे' मात्र दर वेळी असायचा. अण्णांचा आकडा ती खाली बारीक अक्षरात लिहायची आणि त्यापुढे कधी कधी 'तपासला' असा शेरा.

शेवटचा दिवस आला तेव्हा मी आदल्या दिवशीच नांदेडला येऊन राहिलो होतो. ना केक, ना पताका. पहाटे जागा होऊन बाहेरच्या खोलीत पडून राहिलो. स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. पातेलं वाजलं. आल्याचा वास आला. बशी खाली टेकली. आणि मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिलो. भिंतीपलीकडे गफूरचाचांची खाट करकरली. म्हातारा माझ्याआधीच जागा असणार, त्यालाही वास गेलाच असेल. तरी काही नाही. मला वाटलं, इतक्या दिवसांत तिची गोडीच गेली असेल, तर हे सगळं कशासाठी? उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

आई उंबऱ्यावर बसली होती, भरलेली बशी दोन्ही हातांत धरून. अण्णा मागं भिंतीला टेकून, त्यांच्यापुढे कप, हात न लावलेला.

"कवाची वाट बघून राहिले," ती म्हणाली. "समोर बस."

मी बसलो.

"खरंच?" तिने विचारलं.

"खरंच."

ती आणखी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बशी उचलली, ओठांचा चंबू केला, आणि तो लांबलचक, थरथरणारा, टाळूवर चापट मारून संपणारा भुरका क्वार्टर्सच्या साऱ्या लाईनीवरून गेला. तो विरतो न विरतो तोच पलीकडून गफूरचाचांचा आवाज आला, झोपेतला मुळीच नव्हे:

"चलो उठो रे! मास्तरनी की चाय हो गई!"